हलवल्यावर काय उरतं? एका पोर्टेबल वायरलेस स्पीकर संचाची चाचणी

संच असा: बॅटरीवर चालणारे, दिसायला अगदी सारखे चार स्पीकर, विजेवर चालणारा एक सबवूफर (फक्त खर्जासाठीचा स्पीकर) आणि टीव्हीला एचडीएमआयने जोडायचा एक छोटा हब. हबपासून स्पीकरपर्यंत तार नाही, सगळं ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओवर. संध्याकाळी चारही स्पीकर बैठकीच्या खोलीत आपापल्या जागी बसून सिनेमाचा आवाज देणार. दिवसा त्यातला एखादा उचलून अभ्यासाच्या खोलीत न्यावा, दोन गच्चीवर न्यावेत, अशी कल्पना. माझ्या मित्राने तो याच कारणासाठी घेतला होता, आणि सुरुवातीला घरात सगळे खूश होते.

मग तक्रारी सुरू झाल्या, आणि प्रत्येकाची तक्रार वेगळी. मित्राची मुलगी म्हणायची की सिनेमात ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर येतात. मित्राचे वडील, ज्यांना मी काकाच म्हणतो, त्यांना तानपुरा पोकळ वाटायला लागला होता. मित्राला खोलीतला खर्ज घुमल्यासारखा वाटायचा, पण गच्चीवर नेलं की तोच खर्ज गायब. तिघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं: संच बिघडलाय. परत करायची मुदत संपत आली होती. "परत करण्याआधी एकदा नीट तपासून दे," असं मित्राने सांगितलं.

स्पीकरची चाचणी सहसा एका जागी होते. स्पीकर स्टँडवर, मायक्रोफोन समोर, आलेख काढला की काम झालं. भिंतीला खिळलेल्या किंवा तारेने बांधलेल्या स्पीकरला ते पुरतं. उचलून न्यायच्या स्पीकरला पुरत नाही, कारण त्याचा आवाज अर्धा तो कुठे ठेवलाय यावर ठरतो आणि ती जागा रोज बदलते. म्हणून इथे दोन प्रश्न धरले. जागेवर असताना संच कसा वाजतो, आणि नेऊन परत आणल्यावर तोच आवाज मिळतो का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचं वाटत होतं.

आधी आहे तसंच मोजलं

तपासायला बसलं की हात पहिल्यांदा वस्तू सरळ करायला जातो. ते टाळायला हवं. एकदा स्पीकर सरकवला की तक्रार ज्या मांडणीतून आली ती मांडणीच पुसली जाते. म्हणून आधी सगळ्या जागांचे फोटो काढले, सोफ्याच्या मधल्या बैठकीपासून प्रत्येक स्पीकरचं अंतर टेपने मोजलं, हब आणि टीव्हीच्या सेटिंग टिपून ठेवल्या. साधनं साधीच होती: कॅलिब्रेशन फाइल असलेला यूएसबी मायक्रोफोन, लॅपटॉपवर 'रूम ईक्यू विझार्ड' हे आवाज मोजून आलेख काढणारं मोफत सॉफ्टवेअर, सेकंदाला २४० फ्रेम टिपणारा फोन आणि मोजपट्टी. एक नियम पुढे सगळीकडे पाळला. दोन मांडण्यांची तुलना करताना पिंक नॉइज (पातळी मोजायला वापरतात तो एकसारखा खरखराट) वाजवून दोन्हींची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत सारखी करायची. जरा मोठा आवाज कानाला नेहमी 'चांगला' वाटतो, आणि बाजारातल्या निम्म्या तुलना तिथेच फसतात.

ओठ आणि शब्द

मुलीची तक्रार मोजायला सर्वांत सोपी, म्हणून तिथून सुरुवात केली. पडद्यावर पांढरा झोत उमटतो आणि त्याच क्षणी 'टीप' वाजते असा छोटा व्हिडिओ लावायचा, बैठकीवरून फोनने स्लो मोशनमध्ये टिपायचा आणि मग एडिटिंग ॲपमध्ये झोताची फ्रेम आणि ध्वनीच्या रेषेतला उसळा यांमधलं अंतर मोजायचं. २४० फ्रेमला एक फ्रेम साधारण ४.२ मिलिसेकंदांची होते. या कामाला तेवढी अचूकता भरपूर झाली.

दोन बारकावे मात्र सांभाळावे लागतात. फोन स्वतःच चित्र आणि आवाज थोडे मागेपुढे नोंदवतो, त्यामुळे आधी फोनसमोर जवळून टाळी वाजवून त्याचा स्वतःचा फरक काढावा आणि तो वजा करावा. दुसरं म्हणजे टीव्ही चित्र वरून खाली रंगवत जातो. साठ हर्ट्झच्या पडद्यावर त्याला जवळजवळ १७ मिलिसेकंद लागतात. झोत पडद्याच्या मध्यभागी कधी दिसतो तेच धरावं, नाहीतर दर वेळी आकडा थोडा वेगळा येतो.

आवाज २०० मिलिसेकंदांहून जास्त उशिरा येत होता. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) बीटी.१३५९ या शिफारशीत आवाज साधारण १२५ मिलिसेकंद मागे पडला की प्रेक्षकाच्या लक्षात येतो आणि १८५ च्या पुढे तो खपवून घेता येत नाही असं दिलं आहे. आवाज चित्राच्या पुढे गेला तर मात्र ४५ मिलिसेकंदांतच खटकतं. या फरकाला कारण आहे. लांबून येणारा आवाज दृश्यानंतरच पोहोचतो याची माणसाला जन्मभराची सवय असते, उलटं कधी घडत नाही. मुलीचे कान बरोबर सांगत होते. आकडा दोन्ही मर्यादांच्या पलीकडचा होता.

कारण हबच्या ॲपमध्ये एका ओळीत लिहिलेलं होतं: चालू इनपुट, ब्लूटूथ. मधे कधीतरी टीव्ही सुरू केल्यावर एचडीएमआयचा आवाज आला नव्हता, तेव्हा कोणीतरी टीव्ही थेट ब्लूटूथने हबला जोडून दिला. त्या दिवसाचं काम भागलं. पण हा हब चालू होताना शेवटचा वापरलेला इनपुट धरतो, त्यामुळे तेव्हापासून रोजचा सिनेमा ब्लूटूथवरूनच येत होता. ब्लूटूथवर आवाज आधी दाबला (म्हणजे कमी डेटात बसवला) जातो, पाकिटांत भरला जातो, खंड पडू नये म्हणून पलीकडे साठवला जातो आणि मग उलगडतो. गाणी ऐकताना हा उशीर कळत नाही, ओठ दिसायला लागले की कळतो.

नुकसान उशिरापुरतंही नव्हतं. ब्लूटूथची ही नेहमीची वाट डावा आणि उजवा असे दोनच चॅनल नेते. सिनेमात पाच अधिक एक (पाच दिशांचे पाच, खर्जाचा एक) चॅनलचा आवाज असला तरी टीव्ही तो आधी दोनात बसवतो, आणि मागच्या स्पीकरना हब अंदाजाने काहीतरी वाटून देतो. एचडीएमआयची एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच तारेने बाहेर पाठवायची) ही सोय २००९ च्या १.४ आवृत्तीपासून आहे आणि ती डॉल्बी डिजिटल या पद्धतीचे पाच अधिक एक चॅनल दाबलेल्या रूपात आणते. २०१७ च्या २.१ आवृत्तीतली ईएआरसी न दाबलेला बहुचॅनल आवाजही आणते. या घरातला टीव्ही एआरसीचा होता. तेवढं पुरेसं होतं.

इनपुट एचडीएमआयवर आणल्यावर उशीर ४० मिलिसेकंदांच्या आसपास आला. त्यातले ९ तर हवेतलेच होते, कारण आवाजाला ३ मीटर कापायला तेवढे लागतात. डॉल्बी डिजिटलची एक चौकट १५३६ नमुन्यांची (नमुना म्हणजे ध्वनीचं एका क्षणाचं माप), म्हणजे ३२ मिलिसेकंदांची असते. तो हिशेब धरला तर हब आणि रेडिओ मिळून फारसा वेळ खात नव्हते.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'ऑडिओ डिले' दिसतो आणि लोक ओठ जुळवायला तो फिरवत बसतात. तो आवाज आणखी उशिरा करू शकतो, आधी आणू शकत नाही. आधीच मागे पडलेल्या आवाजावर त्याचा उपयोग शून्य. शिवाय हा टीव्ही गेम मोडवर होता. त्या मोडमध्ये चित्रावरची प्रक्रिया कमी होते, चित्र लवकर उमटतं आणि आवाजाचं मागे पडणं आणखी ठळक होतं. मुलगी गेम खेळते, त्यामुळे तो मोड काढायचा प्रश्नच नव्हता. वाट दुरुस्त करणं हाच उपाय होता.

चार सारखे स्पीकर

ओठ जुळले, तरी संवाद समोरून येतोय असं वाटेना. माणूस पडद्यावर, त्याचा आवाज डाव्या खांद्यामागे कुठेतरी. ॲपमधला फिरता टोन लावला. हा टोन समोरचा डावा, समोरचा उजवा, मागचा उजवा, मागचा डावा अशा क्रमाने एकेका स्पीकरमधून वाजतो. ॲपने 'समोरचा डावा' म्हटलं आणि आवाज मागच्या बाजूने आला.

चारही स्पीकर उलटे करून पाहिले. ओळख पटवायची खूण तळाला, रबरी पायाच्या कडेला, बोटाच्या नखाएवढ्या उठावदार अक्षरांत, काळ्यावर काळी. गच्चीवरून परत आणताना डावे दोन आपसांत बदलले गेले होते. असं होणं मुळीच अवघड नव्हतं.

याचा परिणाम किती मोठा होतो ते सांगायला हवं. या संचात मधला स्पीकर नाही. संवाद समोरच्या दोन स्पीकरमधून सारखाच निघतो आणि कान तो दोघांच्या मधोमध, पडद्यावर बसवतात. आता त्या जोडीतला एक समोर उजवीकडे आणि दुसरा मागे डावीकडे गेला होता. समोरचा डावा कॅलिब्रेशनच्या वेळी, म्हणजे संचाने फोनवरून प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजून घेतलं तेव्हा, २.७ मीटरवर होता, आता तोच १.२ मीटरवर बसला होता. हबला याचा पत्ता नाही, तो जुन्या अंतराच्या हिशेबाने आवाज पाठवतोय. दीड मीटर जवळ म्हणजे आवाज ४.४ मिलिसेकंद आधी, आणि मोकळ्या जागेच्या हिशेबाने ७ डेसिबल मोठा. बंद खोलीत फरक थोडा कमी पडतो, पण दिशा तीच.

एकच आवाज दोन ठिकाणांहून काही मिलिसेकंदांच्या अंतराने आला तर कान दिशा पहिल्या आवाजावरून ठरवतो. हेल्मुट हास यांनी हे १९४९ च्या आपल्या प्रबंधात दाखवलं. नंतर येणारा आवाज बराच मोठा असला तरी दिशा पहिल्याचीच राहते. इथे तर मागचा स्पीकर पहिलाही होता आणि मोठाही. संवाद मागे ओढला जाणं अटळ होतं, आणि टीव्हीची कुठलीही सेटिंग ते बदलू शकली नसती.

काकांच्या तानपुऱ्याचं मूळही इथेच होतं, पण तिथे आणखी एक भर पडली होती. गाणी लावताना ॲपमध्ये 'सगळीकडे' हा मोड चालू होता, म्हणजे चारही स्पीकरमधून तेच गाणं. वेगवेगळ्या अंतरांवरून आलेले तेच आवाज कानाशी एकमेकांत मिसळतात. काही कंप्रता (फ्रिक्वेन्सी) एकमेकींना उचलून धरतात, काही खोडून टाकतात. ४.४ मिलिसेकंदांच्या फरकाला पहिली खाच, म्हणजे खोडली गेलेली कंप्रता, ११४ हर्ट्झच्या आसपास पडते आणि मग दर २२७ हर्ट्झवर आणखी एक. बोलण्यात हे फारसं जाणवत नाही, कारण बोलणं सतत बदलत असतं. तानपुरा अखंड आणि स्वरांशांनी (मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या वरच्या स्वरांनी) गच्च भरलेला. त्यातले काही स्वरांश खाचेत पडले की जवारीचा (तारांच्या झणकाराचा) भरीवपणा जातो आणि डोकं जरा हललं की रंग बदलतो. काका हे नेमकेपणाने सांगत होते. "मान वळवली की तंबोरा वेगळाच लागतो," हे त्यांचं वाक्य माझ्या आलेखाइतकंच अचूक होतं. घरात कान तयार असलेला माणूस असेल तर त्याची तक्रार आधी ऐकावी आणि मग मायक्रोफोन काढावा, असं मी मनापासून सांगेन.

स्पीकर आपापल्या जागी आणून कॅलिब्रेशन परत चालवलं. सिनेमातला संवाद पडद्यावर आला. 'सगळीकडे' मोडमध्ये मात्र तानपुरा पूर्ण सुधारला नाही, आणि सुधारणारही नव्हता. कॅलिब्रेशन सोफ्याच्या मधल्या जागेसाठी असतं, काका बसतात खिडकीजवळच्या खुर्चीत. गाणी समोरच्या दोनच स्पीकरवर ठेवली. नंतर त्यांना न सांगता, पातळी सारखी ठेवून, मी दोन्ही मोड आलटून पालटून लावले. प्रत्येक वेळी त्यांनी दोन स्पीकरचाच मोड निवडला.

घुमणारा खर्ज

मित्राच्या तक्रारीला वेळ सर्वांत जास्त लागला. खोली ५.२ मीटर लांब, ३.६ रुंद, २.८ उंच. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाजाची अर्धी तरंगलांबी नेमकी बसली की ती कंप्रता खोलीत अडकून घुमते. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर लांबीची पहिली घुमणारी कंप्रता ३३ हर्ट्झ, रुंदीची ४८, उंचीची ६१. लांबीची दुसरी ६६. शेवटच्या दोन शेजारी शेजारी पडतात, आणि आलेखात साठच्या पुढेमागे ठळक उंचवटा दिसत होता तो याचाच.

ही मापं तर पहिल्या दिवसापासून तीच होती, मग तक्रार नंतर का आली? सबवूफर मुळात टीव्हीच्या बाजूला होता. साफसफाईत तो कोपऱ्यात सरकला. कोपऱ्यात तीन पृष्ठभाग भेटतात, तिथून खोलीतली प्रत्येक घुमणारी कंप्रता पुरेपूर जागी होते. वर सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, आणि लांबीच्या कंप्रतांचा दाब भिंतीशीच सर्वांत जास्त असतो. वाजवणारा आणि ऐकणारा, दोघेही वाईट जागी होते.

अशा वेळी हबच्या ईक्वलायझरने (ठरावीक कंप्रता कमी-जास्त करायच्या सोयीने) उंचवटा कापता येतो, आणि ॲपने तो थोडा कापलाही होता. मला आधी जागा बदलणं जास्त पटतं, कारण कापलेला आलेख एका बैठकीला बरोबर असतो आणि शेजारच्या बैठकीला चुकीचा. ६६ हर्ट्झची लाट लांबीच्या पाव भागावर, म्हणजे भिंतीपासून १.३ मीटरवर, शून्य दाबाची असते. सबवूफर तिथे ठेवला तर तो ती लाट जवळजवळ उठवतच नाही. लांब भिंतीला लागून समोरच्या भिंतीपासून १.३ मीटरवर जागा होती, तिथे तो नेला. सोफा अर्धा मीटर पुढे घेतला. उंचवटा नाहीसा झाला नाही, पण बोचरा राहिला नाही. उंचीची ६१ हर्ट्झची लाट तिथेही जागी होतेच. सबवूफर जमिनीवर आहे तोवर तिचं काही करता येत नाही.

आकडेमोड करायची नसेल तर जुनी युक्ती आहेच. सबवूफर सोफ्यावर, बसायच्या जागी ठेवावा, खर्जातलं काहीतरी लावावं आणि स्वतः भिंतीकडेने गुडघ्यांवर फिरावं. जिथे खर्ज सपाट आणि स्पष्ट ऐकू येतो, तिथे सबवूफर आणून ठेवावा.

जागा बदलल्यावर तपासायला तबल्याचं रेकॉर्डिंग घेतलं. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड शंभर हर्ट्झच्या खाली-वर फिरते, आणि सबवूफरने काम सोडून छोट्या स्पीकरने उचलायची सीमा याच भागात असते. दोघांचं जुळत नसेल तर मींड एका जागी फुगते किंवा खचते. आधी ती फुगत होती. आता ती सलग सरकते. खर्जाची अशी परीक्षा सिनेमातल्या स्फोटाने होत नाही, स्फोटात सगळंच दणकट वाटतं.

रेडिओ, बॅटरी, गच्ची

वायरलेस म्हटलं की संशय आधी रेडिओवर जातो. इथे तो निर्दोष निघाला, आणि ते सांगणं न्यायाचं आहे. प्रत्येक स्पीकरमध्ये स्वतःचं स्फटिकाचं घड्याळ असतं. दोन घड्याळांत दहा लाखांत वीस भागांचा फरक असेल, आणि एवढा फरक स्वस्त स्फटिकांत सहज असतो, तर तासाभरात दोन स्पीकर ७२ मिलिसेकंदांनी फाटतील. सिनेमा संपेपर्यंत डावं-उजवं ऐकणं अशक्य होईल. म्हणून हबला प्रत्येक स्पीकरचं घड्याळ सतत ओढून जागेवर आणावं लागतं. हे तपासायला डाव्या आणि उजव्या चॅनलमध्ये बरोबर एक सेकंदाच्या अंतराने टिचक्या असलेली फाइल लावली आणि दोघांपासून समान अंतरावर मायक्रोफोन ठेवला. सुरुवातीला आणि सिनेमाभर वेळ गेल्यावर अंतर तेच राहिलं, फरक होता तो नमुन्या-दोन नमुन्यांचा. ४८ किलोहर्ट्झला एक नमुना म्हणजे हवेतले जेमतेम ७ मिलिमीटर. हे काम बनवणाऱ्यांनी उत्तम केलं आहे. मधे माणूस उभा राहिला, दार लावलं, मायक्रोवेव्ह चालू केला, तरी बैठकीच्या खोलीत आवाज तुटला नाही.

गच्चीवरचा पातळ आवाज हा दोषच नव्हता. तिथे सबवूफर नाही, आवाज परतवणाऱ्या भिंती नाहीत आणि अंतर दुप्पट झालं की पातळी ६ डेसिबल घटते. मग माणूस आवाज वाढवतो, आणि तिथे दुसरी मर्यादा आडवी येते. तीच पातळी एक सप्तक खाली काढायची तर स्पीकरच्या आतल्या पडद्याला चौपट मागेपुढे हलावं लागतं. छोट्या स्पीकरचा पडदा तेवढा हलू शकत नाही, म्हणून आतली चिप आवाज वाढेल तसा खर्ज कापत जाते. मध्यम आणि मोठ्या आवाजात तेच स्वीप (खर्जापासून वरपर्यंत सरकत जाणारा स्वर) घेऊन दोन आलेख एकावर एक ठेवले तेव्हा ते वरच्या भागात समांतर होते आणि खाली एकमेकांना भिडत होते. यावर सेटिंगचा उपाय नाही. दोन स्पीकर भिंतीजवळ आणि ऐकणाऱ्यांजवळ ठेवायचे, लांब ठेवून मोठे करायचे नाहीत, एवढंच मित्राला सांगितलं. बॅटरीचंही तेच. १० डेसिबल वाढवायला दहापट शक्ती लागते, त्यामुळे खोक्यावर छापलेले तास मध्यम आवाजाचे समजायचे.

परत हलवून पाहिलं

सगळं जागेवर आल्यावर खरी परीक्षा घेतली. मागचे दोन स्पीकर गच्चीवर नेले, मोठ्याने वाजवले, आणि मित्रालाच सांगितलं की रोज ठेवतोस तसे परत ठेव, मोजू नकोस. मग कॅलिब्रेशन न चालवता मोजलं. मागच्या चॅनलच्या पातळीत एखाद्या डेसिबलची हालचाल झाली. सिनेमा ऐकताना कोणालाच काही कळलं नाही.

तेच समोरच्या दोघांवर केलं. एक स्पीकर ३० सेंटिमीटर पुढे राहिला, नुसत्या डोळ्याला ते जाणवतही नव्हतं. संवाद लगेच त्या बाजूला झुकला. हिशेब सोपा आहे. ३० सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ ०.९ मिलिसेकंद, आणि पूर्ण बाजूने आलेल्या आवाजाला एका कानापासून दुसऱ्यापर्यंत जायला लागतात ०.७ च्या आत. कानासाठी दिशा बदलायला एवढा फरक भरपूर आहे.

माझं मत इथे पक्कं झालं. हा संच आवाजात कुठेही सदोष नव्हता. पोर्टेबल म्हणून विकताना त्याला जे यायला हवं होतं ते मात्र त्याला येत नाही: आपण हललो आहोत हे त्याला कळत नाही. काही संचांत प्रत्येक स्पीकरमध्ये मायक्रोफोन असतात आणि ते एकमेकांपासूनचं अंतर स्वतः काढतात. या संचात कॅलिब्रेशन फोनवरून करावं लागतं, टोन मोठे असतात आणि रोज रात्री सिनेमाआधी ते कोणी करत बसणार नाही. निदान स्पीकर खोलीबाहेर जाऊन परत आला की ॲपने एक सूचना द्यायला काय हरकत होती? स्पीकरचा सिग्नल कमी-जास्त झालेला हबला दिसतच असतो.

मांडणी त्या मोजमापावरूनच ठरली. समोरचे दोन स्पीकर हलवायचे नाहीत, ते चार्जिंगच्या तारेवरच राहतील. बाहेर न्यायचे ते मागचे दोन. "मग चारही बॅटरीवाले घेऊन काय उपयोग झाला?" मित्राने विचारलं. प्रश्न रास्त होता. दोन हलते आणि दोन स्थिर असा संच मिळाला असता तर त्याला तोच सांगितला असता. मागच्या दोघांच्या डोक्यावर, तळाला नव्हे, वेगवेगळ्या रंगांची चिकटपट्टी लावली आणि कपाटावर त्यांच्या जागीही त्याच रंगांच्या खुणा केल्या. सबवूफरच्या पायांभोवती जमिनीवर पट्टीची चौकट आखली, म्हणजे साफसफाई झाल्यावर तो तिथेच परत येईल.

मित्राने संच ठेवला. टीव्हीतली ब्लूटूथची जोडणी पुसून टाकली आहे, कारण शेवटचा इनपुट धरायची हबची सवय सेटिंगमधून बदलता येत नाही. मुलगी फोनवरची गाणी आता वाय-फायवरून लावते. एचडीएमआयचा आवाज अजूनही क्वचित टीव्हीबरोबर चालू होत नाही, तेव्हा हब बंद करून पुन्हा चालू केला की येतो. ती खोट बनवणाऱ्यांना कळवली आहे, झोताच्या व्हिडिओसकट.